धुराचीही नाडी पाहिली पाहिजे

थंडी पडू लागली हे यंत्रमागाच्या गावातल्या डॉक्टरला दिनदर्शिकेवरून कळावे लागत नाही. सकाळच्या रांगेत दम्याचे जुने रुग्ण दिसू लागतात, रात्रभर खोकणारी लहान मुले येतात आणि ‘मी आयुष्यात विडीला हात लावला नाही, मग मला धाप का लागते?’ असे विचारणाऱ्या पन्नाशीच्या बायका येतात. यातल्या काहींनी निम्मे आयुष्य चुलीपुढे काढलेले असते, तेव्हा दोष एकट्या कारखान्याला देता येत नाही. पण घर कुठे आहे असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, ‘सायझिंगच्या मागच्या गल्लीत.’ वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर रोज काजळी बसते, हेही त्या ओघात सांगून जातात.

यंत्रमागातून धूर निघत नाही. माग चालतो विजेवर. धूर येतो तो मागाच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांतून. ताण्याच्या सुताला माग सोसावा म्हणून खळ द्यावी लागते आणि ती गरम सिलिंडरवर वाळवावी लागते. हे सायझिंगचे काम. त्यासाठी वाफ हवी, वाफेसाठी बॉयलर हवा आणि बॉयलरला जळण हवे. पुढे कापड रंगवणाऱ्या, धुणाऱ्या प्रोसेस हाऊसलाही वाफ लागते. जळण म्हणून लाकूड, दगडी कोळसा, उसाचा बगॅस, भुशाच्या कांड्या असे जे स्वस्त मिळेल ते चालते. कुठे कुठे चिंध्या आणि प्लास्टिकचा कचराही भट्टीत जातो. इचलकरंजी असो, भिवंडी असो की मालेगाव, वस्त्रोद्योगाच्या कुठल्याही गावात नाक असलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

या धुरातले जे कण डोळ्यांना काजळी म्हणून दिसतात ते त्यातल्या त्यात सभ्य म्हणायचे. ते नाकात, घशात अडकतात आणि काळ्या शेंबडातून, थुंकीतून बाहेर पडतात. खरा उपद्रव होतो तो अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे कण केसाच्या विसाव्या-तिसाव्या भागाइतके. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण तिथून रक्तात उतरतात. म्हणून धुराचा संबंध केवळ खोकल्याशी नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कमी वजनाचे बाळ जन्मणे यांच्याशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातले. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार या बारीक कणांचे वार्षिक प्रमाण हवेच्या घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपला सल्ला ५ वर आणून ठेवला. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आपण सगळे श्वास घेत आहोत.

आता मुख्य प्रश्न. हा धूर किती, हे कोण आणि केव्हा मोजतो?

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या गिरण्यांची धुराडी ऐन भरात होती तेव्हा, १९१२ सालीच, मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला. बंगालमध्ये तो त्याआधी, १९०५ मध्ये झाला होता. स्वतंत्र भारतात १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आहे. त्याखाली कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते, धुराड्यातल्या कणांची मर्यादा पाळावी लागते आणि मंडळाला नमुना घेण्याचा अधिकार असतो. हा नमुना घेणे सोपे काम नव्हे. चिमणीला वर भोक आणि उभे राहायला मचाण लागते, नळी घालून ठरलेल्या वेगाने वायू ओढावा लागतो, गाळणकागदावर बसलेली धूळ तोलावी लागते. मग अहवाल येतो : घनमीटरला इतके मिलिग्रॅम. आकडा नेमका असतो, यात शंका नाही. पण तो त्या दिवसाचा, त्या तासाचा असतो. पाहुणे येणार म्हटल्यावर घर कसे झाडून-पुसून ठेवतात, तसे त्या दिवशी भट्टीत कोरडे, चांगले लाकूड जाते. उरलेल्या दिवसांचे काय?

त्यातही चाचणी करणाऱ्याचे पैसे कोण देतो यावर आकडा बदलतो, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. गुजरातमध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तपासनीस कारखान्यानेच निवडायचा आणि पैसेही कारखान्यानेच द्यायचे, ही तिथली रीत होती. तेव्हा अहवाल मर्यादेच्या जरासेच खाली येऊन थांबत. काही कारखान्यांसाठी तपासनीस चिठ्ठी टाकून ठरवला, पैसे सामायिक निधीतून दिले आणि काही ठिकाणी पुन्हा मोजून पाहिले. तेव्हा अहवाल खरे येऊ लागले आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. यात मला आश्चर्य वाटत नाही. रुग्णाच्या सोयीने रिपोर्ट देणारी प्रयोगशाळा कुठल्या डॉक्टरला ठाऊक नाही?

माझे मत असे की आपण धुराच्या बाबतीत वर्षातून एकदाच्या उत्तम तपासणीवर विसंबलो आहोत आणि रोजची साधी तपासणी विसरलो आहोत. दम्याच्या रुग्णाला मी काहीशे रुपयांचे पीक फ्लो मीटर घ्यायला सांगतो. प्लास्टिकची नळी, त्यात जोराने फुंकायचे, काटा सरकतो, तो आकडा वहीत लिहायचा. सकाळ-संध्याकाळ. मोठ्या दवाखान्यातल्या फुप्फुसाच्या तपासणीपुढे हे यंत्र म्हणजे खेळणेच. पण रुग्णाचा दम मंगळवारी बिघडला की शुक्रवारी, हे त्या खेळण्याची वही सांगते. वर्षातून एकदाचा मोठा रिपोर्ट ते कधीच सांगत नाही.

धुरासाठी असे खेळणे सव्वाशे वर्षांहून जुने आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने १८८८ च्या सुमारास ते केले. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची चौकटीचौकटीची जाळी काढायची. पहिल्या पत्त्यावर रेघ एक मिलिमीटर जाड आणि मधला पांढरा चौकोन नऊ मिलिमीटर. दुसऱ्यावर रेघ २.३ आणि चौकोन ७.७. तिसऱ्यावर ३.७ आणि ६.३. चौथ्यावर ५.५ आणि ४.५. हे पत्ते सुमारे पन्नास फुटांवर टांगले की रेघा वेगळ्या दिसत नाहीत आणि नुसती करडी छटा दिसते. पहिला पत्ता साधारण वीस टक्के काळा, दुसरा चाळीस, तिसरा साठ, चौथा ऐंशी. कोरा कागद म्हणजे शून्य, पूर्ण काळा म्हणजे पाच. पाहणाऱ्याने सूर्य पाठीशी घ्यायचा, वाऱ्याला काटकोनात उभे राहायचे, पत्ते चिमणीच्या रेषेत येतील असे लावायचे आणि धूर तोंडाशी ज्या छटेचा दिसतो तो क्रमांक लिहायचा. आठवी-नववीतला मुलगा पट्टी-पेन्सिलीने हे पत्ते काढू शकेल.

अर्धा तास, दर अर्ध्या मिनिटाला एक, अशा साठ नोंदी झाल्या असे समजू. त्यात दहा वेळा तीन क्रमांकाचा धूर दिसला, वीस वेळा एकचा आणि तीस वेळा काहीच नाही. दहा तिर्री तीस, वीस एके वीस, एकूण पन्नास. याला विसाने गुणून साठाने भागले की साडेसोळा-सतरा टक्के येतात. ही झाली त्या अर्ध्या तासाच्या धुराची सरासरी घनता. हेच उद्या, परवा, महिनाभर केले की कुठली चिमणी सुधारते आहे आणि कुठली बिघडते आहे हे कुणालाही कळेल, आणि वाद घालायला आकडे हाती येतील. ‘लई धूर येतोय साहेब’ या तक्रारीला आजवर जे उत्तर मिळाले ते आपण जाणतोच.

याच पत्त्यांनी इंग्लंडसारख्या देशाचा कायदा चालवला आहे. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात पाच दिवस धुके आणि कोळशाचा धूर एकत्र बसून राहिला. सुरुवातीच्या मोजणीत सुमारे चार हजार जास्तीचे मृत्यू धरले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ मध्ये झालेल्या कायद्याने ‘काळसर धूर’ कशाला म्हणायचे ते रिंगेलमानच्या दुसऱ्या छटेवरून ठरवले. दोन किंवा त्याहून गडद असेल तर तो बेकायदा. भट्टी पेटवताना धूर होतोच, म्हणून काही मिनिटांची सूटही दिली. आपल्याकडेही अशी सूट द्यावी लागेल. थंड भट्टी पेटवताना पहिली काही मिनिटे चांगला कारागीरही धूर टाळू शकत नाही, त्याला त्यावरून धारेवर धरू नये.

या पद्धतीला मर्यादा आहेत. बॉयलरमधून निघणारी नुसती वाफ पांढरी दिसते. ती धूर नव्हे. ती विरून गेल्यावर मागे काय उरते ते पाहायचे असते. ढगाळ आकाशापुढे छटा फसवते. रात्री तर काहीच दिसत नाही, आणि नको ते जळण रात्रीच भट्टीत जाते अशी बोलवा आहे. शिवाय गंधकाचा वायू दिसत नाही, आणि प्लास्टिक जाळल्यावर तयार होणारी डायॉक्सिनसारखी विषेही दिसत नाहीत. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी चिमणी निर्दोष आहे असे कुणी समजू नये. पण डोळ्यांना काळी दिसणारी चिमणी दोषी आहे हे नक्की, आणि आपल्याकडे अजून तेवढेच थांबवायचे बाकी आहे. ताप मोजल्याने आजाराचे नाव कळत नाही, म्हणून कोणी थर्मामीटर फेकून देत नाही.

काळा धूर का होतो हे मला पुस्तकापेक्षा बॉयलरवर काम करणाऱ्या रुग्णांनीच जास्त चांगले समजावले. भट्टीत एकदम ढीगभर जळण लोटले की हवा पुरत नाही, आच मंदावते आणि अर्धवट जळलेला कार्बन काजळी होऊन वर जातो. ओले लाकूड असेल तर बरीच आच पाणी आटवण्यातच जाते. थोडे थोडे आणि वारंवार टाकले, लाकूड फोडून वाळवलेले असले, हवेचे दार नीट उघडले, नळ्यांवरची काजळी वेळेवर खरवडली तर धूर निम्म्यावर येतो, असे ते सांगतात. मालकाने ऐकावे असे यात पुष्कळ आहे. काजळी म्हणून उडून जाणारा कार्बन तसा थोडाच, पण काळ्या धुराबरोबर न जळलेले वायूही जातात, आणि नळ्यांवर काजळीचा थर बसला की आच पाण्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे काळा धूर हा लाकडाच्या बिलातून जातो. पण फायरमनला ‘वाफ उतरली’ म्हणून शिव्या बसतात, ‘धूर झाला’ म्हणून कधी बसत नाहीत. बारा तासांच्या पाळीत एकटा माणूस लाकूड ओढणार, भट्टीत टाकणार आणि राखही काढणार, तर तो थोडे थोडे टाकणार कसे? भट्टीचे दार उघडून ढीग लोटला की त्याला जरा टेकायला मिळते. धुराचा पहिला बळी तोच असतो, हेही लक्षात ठेवावे.

भट्टी नीट चालवूनही कण उरतात, ते पकडायला साधने आहेत. सायक्लोन नावाचे उभे नरसाळे जाड राख खाली पाडते; छातीत जाणारे बारीक कण मात्र त्यातून बरेचसे निसटतात. पाण्याचा फवारा मारणारा स्क्रबर त्याहून बरा, पण ते काळे पाणी कुठे सोडणार हे आधी विचारले पाहिजे. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना तरी हा प्रश्न विचारायला मी शिकवण्याची गरज नाही. कापडी पिशव्यांची गाळणी सर्वांत चांगली, पण महाग. आणि ठिणग्या पोचल्या तर पिशव्या जळतात. छोट्या सायझिंगवाल्याला हे एकट्याने झेपणार नाही, ही त्याची तक्रार रास्त आहे. सुरतेकडे काही औद्योगिक वसाहतींत एक मोठा सामायिक बॉयलर आणि तिथून नळाने सर्वांना वाफ, असे चालते. एकच चिमणी, एकच चांगली गाळणी, एकाच ठिकाणी लक्ष. आपल्याकडच्या सायझिंगवाल्यांच्या संघटनांनी हे एकदा जाऊन पाहायला काय हरकत आहे?

सुरतेची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथल्या तीनशेच्या वर कारखान्यांच्या चिमण्यांना, आणि त्यात बहुतेक कापडाचेच कारखाने होते, कण सतत मोजणारी यंत्रे बसवली. २०१९ मध्ये त्यातल्या निम्म्या कारखान्यांसाठी एकूण धुराची कमाल मर्यादा ठरवून, ज्याने कमी धूर केला त्याने आपला उरलेला वाटा दुसऱ्याला विकावा, असा बाजार सुरू केला. त्या कारखान्यांचा धूर इतरांच्या तुलनेत वीस ते तीस टक्क्यांनी कमी झाला. धुराचा बाजार मांडणे मला स्वतःला फारसे रुचत नाही. पण रोज मोजले की माणूस वेगळा वागतो, हे त्यातून दिसते. महाराष्ट्रातही आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये मोठ्या कारखान्यांना धुरावरून एक ते पाच तारे देण्याची योजना काढली आणि ते तारे लोकांसमोर मांडले. ज्या छोट्या चिमण्या वस्तीत उभ्या आहेत, त्यांच्यापर्यंत ही नजर पोचली पाहिजे.

चिमणीच्या उंचीविषयीही दोन शब्द. दोन टनांहून कमी वाफ करणाऱ्या बॉयलरची चिमणी शेजारच्या इमारतीच्या अडीचपट किंवा नऊ मीटर, यातली जी जास्त असेल तेवढी उंच असावी, असे केंद्रीय मंडळाचे मार्गदर्शन आहे. ज्या काळी सायझिंग उभी राहिली तेव्हा शेजारी कौलारू घरे होती. आता तिथे तीन मजले चढले आहेत. शेजारी बारा मीटरची इमारत असेल तर चिमणी तीस मीटर हवी, आणि प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून चिमणीचे तोंड समोर दिसते. घर वाढवण्याचा परवाना देणाऱ्याने शेजारच्या धुराड्याकडे पाहिले नाही आणि धुराड्याची संमती देणाऱ्याने शेजारच्या घराकडे पाहिले नाही. बाष्पके विभाग बॉयलर फुटू नये एवढे पाहतो. प्रत्येकाने आपापला कागद पाहिला, एवढेच.

हे वाचून कोणी ‘सायझिंग बंद करा’ म्हणणार असेल तर त्याला माझी साथ नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाची चूल त्यावर पेटते आहे. एक सायझिंग थांबली की तिच्या बीमवर चालणारे माग थांबतात, कांड्या भरणाऱ्या बायकांची मजुरी थांबते, आणि मग माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाला औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जाणेही जमत नाही. धुराने जसा माणूस आजारी पडतो तसा उपासमारीनेही पडतो. दुसऱ्या बाजूला, ‘धूर आहे म्हणून धंदा आहे’ हे जे बोलले जाते तेही खरे नाही. धंदा वाफेवर आहे, धुरावर नाही.

महापालिकेने आणि मंडळाने मिळून निदान वस्तीतल्या चिमण्यांसाठी पत्ते घेऊन फिरणारी दोन माणसे नेमावीत. ती कुठल्या दिवशी कुठे जाणार हे आधी कुणालाही कळू नये आणि त्यांचा पगार कुणाही कारखानदाराकडून येऊ नये. प्रत्येक सायझिंगच्या दारावर फळा असावा आणि त्यावर त्या आठवड्याचा आकडा खडूने लिहावा. बीम न्यायला येणारे यंत्रमागवाले तो पाहतील, शेजारीही पाहतील. आकडा सारखा वाईट येत असेल तर मग मचाण बांधून, नळी घालून, मोठी चाचणी करावी; म्हणजे ती महागडी तपासणी जिथे हवी तिथे वापरली जाईल. आम्ही डॉक्टरही रक्ताची आणि एक्स-रेची चिठ्ठी नाडी पाहून झाल्यावरच लिहितो. दरवर्षी जूनमध्ये कारखान्याच्या दारात एक रोपटे लावून त्याचा फोटो छापून आणण्यापेक्षा या फळ्याचा खर्च कमी येईल.

तोवर ज्यांची छाती नाजूक आहे त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा जमिनीलगत साठून राहते आणि धूर वर जात नाही. म्हणून दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी फिरायला उन्हे वर आल्यावर जावे, आणि चिमण्यांची बाजू टाळावी. तोंडाला रुमाल बांधल्याने काजळी अडते, बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ जातीचा मास्क लागतो आणि तो नाकाशी घट्ट बसावा लागतो. वाऱ्याच्या दिशेची खिडकी भट्टी पेटवण्याच्या वेळी बंद ठेवावी. घरातली काजळी झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला असेल तर ‘सवय लागेल’ या भीतीने तो थंडीत बंद करू नये. पंपाची सवय लागत नाही. बंद केल्यावर दम वाढतो तो रोगामुळे, पंपामुळे नव्हे. दमा असलेल्याने चिंध्या किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.

एखाद्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना मुलांकडून हे पत्ते करून घ्यायचे असतील तर वर दिलेली मापे पुरेशी आहेत. शाई मात्र काळीभोर हवी, निळसर चालत नाही. नोंदी शाळेच्या गच्चीवरून घ्याव्यात, कारखान्याच्या दारात मुलांना उभे करू नये. चिमणीपासून शंभर फूट ते पाव मैल एवढे अंतर चालते. महिनाभराची वही भरली की ती दवाखान्यात घेऊन यावी. कुठल्या दिवशी किती रुग्णांना वाफेच्या यंत्रातून औषध द्यावे लागले याची वही माझ्याकडे आहे. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून, तारखेसमोर तारीख लावून पाहता येईल.